पेणहून रोह्यास

रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा ही दोन जुनी गावे आहेत. पेण भोगावतीच्या काठी वसले आहे, रोहा कुंडलिकेच्या. पेणच्या गणेशमूर्ती भाद्रपदात महाराष्ट्रभर घरोघरी पूजेस बसतात. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज; त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस तिला शस्त्रांची मानवंदना देतात. दोन्ही तालुक्याची गावे, दोन्हीकडे आगगाडी थांबते, एस. टी. ची गाडी सुटते. परंतु विमानतळ मात्र दोहोंपैकी एकाही गावी नाही.

असे असूनही एखाद्या चौकस मुलाने विचारले, की पेणहून रोह्यास विमानाने जावयाचे झाल्यास किती मिनिटे लागतील, तर त्याच्या प्रश्नास हसू नये. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधू लागले, की आधी दुसराच एक प्रश्न वाटेत उभा राहतो: पेण आणि रोहा यांच्यामधील अंतर तरी नेमके किती?

हे अंतर काढण्यास टेप घेऊन रानोमाळ हिंडण्याचे कारण नाही. चांगला नकाशा समोर असला म्हणजे झाले. नकाशावर आडव्या रेषा असतात, त्या अक्षांशांच्या. विषुववृत्त शून्य अंशावर आणि उत्तर ध्रुव नव्वद अंशांवर. एका अंशाचे साठ भाग केले, की प्रत्येक भागाला एक मिनिट म्हणतात. हे मिनिट घड्याळातले नव्हे. ते कोनाचे मिनिट होय. पेण सुमारे १८ अंश ४४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि रोहा सुमारे १८ अंश २६ मिनिटांवर. दोहोंत १८ मिनिटांचा फरक झाला.

आता येथे एक मौजेची गोष्ट आहे. पृथ्वीच्या गोलावर अक्षांशाच्या एका मिनिटाइतके जे अंतर, तेच दर्यावर्दी लोकांनी आपले माप ठरविले. त्याला सागरी मैल म्हणतात. तो १,८५२ मीटरांचा असतो. जहाजांचे कप्तान तो वापरीत आले आणि पुढे वैमानिकांनीही तोच उचलला. म्हणजे पेणहून रोहा अठरा सागरी मैल दक्षिणेस आहे, हे नकाशाकडे पाहताच वैमानिक सांगू शकेल. अठराला १,८५२ ने गुणले, की ३३,३३६ मीटर, म्हणजे सुमारे तेहेतीस किलोमीटर होतात.

किलोमीटरचा जन्मही पृथ्वीच्या मोजणीतूनच झाला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग कल्पिले आणि त्यातील एका भागास मीटर हे नाव दिले. म्हणूनच पृथ्वीचा घेर जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर इतका सरळ आकडा येतो. त्याला ३६० अंशांनी भागले, की दर अंशाला १११ किलोमीटर पडतात.

परंतु पेणच्या अगदी दक्षिणेस रोहा आहे काय? नाही. रेखांश पाहिले तर रोहा पेणच्या पूर्वेस एका मिनिटाच्या आसपास, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलोमीटर सरकलेले आहे. भूमितीत काटकोन त्रिकोणाचा जो सिद्धांत शिकवितात, तो येथे लावून पाहावा. तेहेतीस किलोमीटरांची एक बाजू आणि पावणेदोन किलोमीटरांची दुसरी. कर्ण काढला तर तो पहिल्या बाजूपेक्षा पन्नास मीटरही मोठा भरत नाही. लांब वाटचालीत थोडेसे बाजूला सरकल्याने फारसे बिघडत नाही ते असे. पेण आणि रोहा यांचे हवाई अंतर सुमारे तेहेतीस किलोमीटर आहे, हे आता निश्चित झाले.

पण या वाटेने आजवर पक्ष्यांवाचून कोण गेले असेल? जमिनीवरून जाणाऱ्यास डोंगर, नद्या आणि खाडीकाठची खारजमीन यांचे ऐकावे लागते. पेणहून निघालेला मोटाररस्ता आधी नैर्ऋत्येस वडखळकडे जातो. तेथून अलिबागचा फाटा सोडून तो दक्षिणेस नागोठण्याकडे वळतो. नागोठण्यास अंबा नदी आहे. तेथील जुना दगडी पूल सोळाव्या शतकातला, निजामशाहीच्या काळातला आहे. पुढे अंबेचे खोरे सोडून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरावयाचे, तर मधली डोंगराची रांग ओलांडावी लागते. ती भिसे खिंडीतून ओलांडली, की रोहा येते. अशा रीतीने तेहेतीस किलोमीटरांचे चाळीसहून अधिक होतात. महामार्ग न सोडता सुकेळी खिंडीतून कोलाडला गेले आणि तेथून रोह्याकडे वळले, तर त्यांत आणखी भर पडते. लोहमार्गही कासू, नागोठणे, निडी या स्थानकांवरून वळणे घेत जातो. त्याची लांबी चाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे.

आणि जलमार्गाने? तोही एक काळ होता. मुंबईहून आगबोटी धरमतरच्या खाडीत येत. पेणजवळच्या अंतोरे बंदराला गलबते लागत. पेणचा माल कोणी जलमार्गाने रोह्यास नेऊ म्हटले असते, तर त्याला धरमतरची खाडी उतरून रेवसपाशी समुद्र गाठावा लागता, अलिबागच्या किनाऱ्याने रेवदंड्यास वळसा घालावा लागता आणि तेथून कुंडलिकेच्या खाडीने भरतीचे पाणी धरून वर यावे लागते. हे अंतर हवाई अंतराच्या दुपटीहूनही कितीतरी अधिक भरते. भरती चुकली तर गलबत चिखलात बसावयाचे आणि पुढच्या भरतीची वाट पाहावयाची! तेव्हा मैल तेवढेच राहत. तास मात्र बारा वाढत.

गावे दोनच, परंतु त्यांच्यामधील अंतरे इतकी निरनिराळी. कोणी नुसते विचारले, की पेणहून रोहा किती दूर आहे, तर सुज्ञ माणसाने उलट विचारावे, ‘कसे जाणार?’

वेळेची कथा तर याहून विलक्षण आहे. पायी चालणारा धडधाकट माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो असे धरले, तर रस्त्याने पेणहून रोह्यास जाण्यास त्याचा आठ तासांहून अधिक वेळ जाईल. आज हे कोणास खरेही वाटणार नाही. परंतु पायी चालण्याचा विक्रम म्हणावा असे थोर कार्य करणारा पुरुष याच पेण तालुक्यात जन्मला होता. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या गावी झाला. १९५१ साली त्यांनी भूदानाची पदयात्रा आरंभिली आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. त्यांना मोटार मिळत नव्हती असे नाही. परंतु ज्याला प्रत्येक गावातील माणसांशी बोलावयाचे आहे, त्याला वाटेतले गाव ओलांडून पुढे धावणारे वाहन काय उपयोगाचे?

लोहमार्गाची गोष्ट उलट. कोकणातील लोकांनी आगगाडीची वाट पिढ्यान् पिढ्या पाहिली. पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, पनवेलच्या बाजूने येणारा लोहमार्ग पेणवरून रोह्यापर्यंत पोहोचला. तेथे तो काही वर्षे थांबून राहिला. पुढे कोकण रेल्वेचे काम सुरू झाले. त्या मार्गाचा प्रारंभ रोह्यापासूनच होतो. सुमारे ७४० किलोमीटरांचा हा मार्ग बोगदे खोदीत आणि पूल बांधीत दक्षिणेकडे गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. आज थांबत थांबत जाणारी साधी गाडी पेणहून रोह्यास पाऊण तास ते तासाभरात पोहोचते.

रस्त्याने किती वेळ लागतो, हे मात्र सालागणिक बदलत आले आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेलपासून रायगड जिल्ह्यातील इंदापूरपर्यंतचा ८४ किलोमीटरांचा तुकडा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले, आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात खड्डे चुकवीत जाणाऱ्या गाड्यांना पेण ते नागोठणे हे अंतर पावसाळ्यात फार मोठे वाटे. मैलाचे दगड जागचे हलले नव्हते. वेळ मात्र हलली होती.

आता विमानाकडे वळू. पेण-रोहा असे विमान नसले, तरी या प्रदेशावरून विमाने जातात. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून तेथे पहिले प्रवासी विमान गेले. मुंबईचा विमानतळ आणि चिपी यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती अलिबाग आणि रोहा यांच्या मधून जाते. तिची लांबी सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. या मार्गावर प्रथम आलेले विमान पंख्याचे, सुमारे सत्तर प्रवाशांचे होते. उंचावर स्थिरावल्यावर असे विमान तासाला सुमारे पाचशे किलोमीटर जाते.

या वेगाने ते पेणच्या अक्षांशापासून रोह्याच्या अक्षांशापर्यंत किती वेळात जाईल? तेहेतीसला पाचशेने भागून साठने गुणावे. उत्तर येते चार मिनिटे. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने बाटली काढून पाणी प्यावे, तेवढ्यात भोगावती मागे पडून कुंडलिका दिसावी. मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असे वाटते. परंतु ते खरे उत्तर नव्हे.

याच विमानाचा सबंध प्रवास तपासून पाहावा. साडेतीनशे किलोमीटरांना ताशी पाचशेच्या वेगाने बेचाळीस मिनिटे पुरावीत. परंतु आरंभीच्या वेळापत्रकात मुंबई ते सिंधुदुर्ग हा प्रवास सव्वा तासाहून अधिक दाखविलेला होता. उरलेला अर्धा तास कोठे गेला?

त्याचा हिशेब असा. वेळापत्रकातील वेळ विमान उडाल्यापासून मोजीत नाहीत. ते आपल्या जागेवरून हलले, की मोजणी सुरू होते, आणि दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबले, की संपते. विमान आधी जमिनीवरून हळूहळू चालत धावपट्टीच्या टोकाशी जाते. गर्दीच्या विमानतळावर तेथे रांग असते. पुढची विमाने उडेपर्यंत थांबावे लागते. मग ते धावते, उडते आणि चढू लागते. चढणाऱ्या विमानाचा वेग पुरता नसतो, जसा घाट चढणाऱ्या गाडीचा नसतो. उतरतानाही ते वेग कमी करीत येते, आणि खाली दुसरे विमान असल्यास आकाशातच घिरट्या घालीत आपली पाळी येण्याची वाट पाहते. पहिली दहा आणि शेवटची पंधरा मिनिटे अशी सहज निघून जातात. प्रवास मोठा असला तर ती झाकून जातात. प्रवास लहान असला, की तीच मुख्य होऊन बसतात.

पेण आणि रोहा येथे धावपट्ट्या आहेत अशी क्षणभर कल्पना करावी. प्रवासी विमान उतरताना साधारणपणे तीन अंशांच्या उताराने येते. या उताराने एक किलोमीटर खाली येण्यास एकोणीस किलोमीटर पुढे जावे लागते. तेहेतीस किलोमीटरांपैकी निम्मी वाट चढण्यात गेली आणि निम्मी उतरण्यात, असे धरले तर विमानाला फार तर आठशे-नऊशे मीटर उंची गाठता येईल. रायगड किल्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण तितकाच उंच आहे. म्हणजे ते विमान किल्ल्याच्या उंचीशी पोहोचते न पोहोचते तोच वैमानिकास त्याचे नाक खाली करावे लागेल. ताशी पाचशेचा वेग त्याला क्षणभरही लाभावयाचा नाही. जमिनीवरचे चालणे, थांबणे, उडणे, वळणे आणि उतरणे हे सारे धरून पंधरा-वीस मिनिटे तरी मोडतील. वरून जाणाऱ्या विमानाला जे अंतर चार मिनिटांचे, तेच येथे उठून तेथे बसणाऱ्या विमानाला चौपटीहून अधिक वेळाचे!

एवढ्या थोड्या अंतरासाठी कोणी विमान चालविलेच नाही, असे मात्र समजू नये. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल भारतातच गेले, आणि तो प्रवास पेण-रोह्याहून लहान होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबाद येथील प्रदर्शनाच्या वेळी आंरी पेके नावाच्या तरुण फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि ती नैनी येथे पोहोचविली. अंतर सुमारे दहा किलोमीटर. वेळ सुमारे तेरा मिनिटे. त्या विमानाचा वेग हिशेबाने तासाला पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास पडतो. आजची पेण-रोहा गाडीही, स्थानकांवरील थांबे धरले, तर साधारण त्याच वेगाने जाते! बैलगाडीच्या त्या काळात मात्र तो चमत्कारच होता.

त्याहूनही आखूड प्रवास स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कने बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांत केवळ २.७ किलोमीटरांचे अंतर. तेथे १९६७ मध्ये विमानसेवा सुरू झाली. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात, आणि वारा पाठीशी असताना एकदा तो ५३ सेकंदांत पुरा झाला आहे. इतक्या जवळ जाण्यास विमान कशाला, असे वाटेल. परंतु मध्ये थंड, खवळणारा समुद्र आहे आणि त्यावर पूल नाही. लहान बेटावरील लोकांना डॉक्टर हवा, शाळेला शिक्षक हवेत. ते या विमानाने येतात. शिवाय ते विमान आठ-नऊ माणसांचे, आखूड धावपट्टीवरून उडणारे आणि फार उंच न चढणारे असते. पेण आणि रोहा यांच्यामध्ये समुद्र नाही, आणि रस्ता व आगगाडी दोन्ही आहेत. तेथे विमान नाही याचे कारण हेच.

वाऱ्याचा उल्लेख वर आलाच आहे. विमानाचा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नव्हे. नदीच्या प्रवाहातून होडी नेताना जे घडते तेच आकाशात घडते. ताशी पाचशेच्या विमानाला ताशी पन्नासचा वारा समोरून लागला, तर जमिनीच्या मानाने ते साडेचारशेनेच पुढे सरकते, आणि साडेतीनशे किलोमीटरांना सुमारे सत्तेचाळीस मिनिटे घेते. तोच वारा पाठीशी असला तर अडतीस मिनिटे पुरतात. म्हणूनच जाण्याचा आणि येण्याचा वेळ पुष्कळदा सारखा नसतो.

उडताना मात्र वैमानिकाला वारा समोरून हवा असतो. त्यामुळे पंखांना लवकर उचल मिळते. धावपट्ट्या बांधताना वाऱ्याची दिशा पाहतात ती यासाठीच. रायगड जिल्ह्यातच, पनवेलजवळ उलवे येथे, नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. हा विमानतळ, पेण आणि रोहा ही तिन्ही ठिकाणे नकाशावर पाहिली, तर ती जवळजवळ एकाच उभ्या रेषेत एकाखाली एक आहेत. विमानतळापासून पेण सुमारे अठ्ठावीस किलोमीटर दक्षिणेस, आणि पेणपासून रोहा आणखी तेहेतीस. पण तेथील धावपट्टी मात्र साधारण पूर्व-पश्चिम आहे. दक्षिणेस जाणाऱ्या विमानालाही आधी पश्चिमेकडे किंवा पूर्वेकडे उडावे लागते आणि मग वळावे लागते. आकाश मोकळे आहे, तेथे वाटा नाहीत, असे आपल्याला वाटते. परंतु तेथेही वळणे आहेतच.

धावपट्टी नको असलेले विमान म्हणजे हेलिकॉप्टर. ते शाळेच्या मैदानावरूनही उठू शकते. तासाला दोनशे किलोमीटर जाणारे हेलिकॉप्टर पेणहून रोह्यास दहा मिनिटांत पोहोचेल. मग सारा प्रश्न सुटला म्हणावयाचा काय? पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातील एका रात्रीची हकीगत या ठिकाणी सांगितली पाहिजे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी या आदिवासी वाडीवर डोंगराची कडा कोसळली. पाऊस मुसळधार होता. माणसे झोपेच्या वेळी घरांत होती. मुंबईच्या विमानतळापासून ही वाडी सरळ रेषेत चाळीस-बेचाळीस किलोमीटरांवर आहे. हेलिकॉप्टरला ते काम पाऊण तासाचेही नव्हे, पाव तासाचे. मुंबईत हेलिकॉप्टरे सज्जही होती. परंतु ढग खाली उतरले होते, डोंगर दिसत नव्हता, आणि ती उडू शकली नाहीत. पायथ्यापर्यंत मोटारी आल्या, तेथून पुढे रस्ता नव्हता. माती उपसणारी यंत्रे खालीच राहिली. बचाव पथकांतील जवान, डॉक्टर आणि आसपासच्या गावांतील तरुण चिखलाने निसरड्या झालेल्या पायवाटेने काळोखात चढून गेले, आणि त्यांनी कुदळ-फावड्यांनी व हातांनी माती उपसली. चढताचढता अग्निशमन दलातील एका माणसाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. या दुर्घटनेत २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत.

नकाशावर त्या वाडीपासून जवळच्या रस्त्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले, तर ते बोटाच्या पेराएवढेही भरत नाही. त्या रात्री ते तासा-दीड तासाच्या चढणीचे होते. डोंगरातील वाडीपर्यंत रस्ता का हवा, आणि धोक्याच्या कड्याखालची वस्ती आधीच का हलवावी, हे या हिशेबावरून कोणालाही कळेल.

रोह्याचा एखादा प्रवासी आज उलव्याच्या विमानतळावरून बंगळूरला जाण्यास निघाला, तर त्याच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. विमान हवेत जवळजवळ दीड तास राहील. तत्पूर्वी दोन तास तरी विमानतळावर हजर राहावे असे सांगतात. त्याही आधी त्याला रोह्याहून पेण आणि पेणहून पनवेल गाठावयाचे आहे. सकाळची गाडी धरण्यासाठी तो पहाटे उठतो, आईने बांधून दिलेली भाकरी पिशवीत घालतो आणि स्थानकावर येतो. गाडी नागोठणे सोडते तेव्हा त्याचे विमान बहुधा दुसऱ्याच कुठल्या गावी उभे असते. पेण येते, फलाटावर वडे विकणाऱ्याची हाक ऐकू येते, आणि तो घड्याळ पाहतो. तेहेतीस किलोमीटर झाले. चार मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटे लागली आहेत, आणि विमानतळ अजून दूर आहे.